डावीकडे ओढणारी गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून नोंदी. काम शिस्तीत व्हायचं तर लेखी पाहिजे. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मेकॅनिकलला काढली, त्यातली नऊ येलदरीला धरणाच्या दरवाजांवर. दरवाजाच्या सीलचं रबर अंगठ्यानं दाबून त्याचं वय सांगायचो. त्यामुळं हे काम आपल्यासाठी काहीच नाही.

काम एवढंच: गाडीला स्ट्रट रॉडचे बुश कोणते घ्यायचे.

डोकं साफ राहावं म्हणून व्याख्या लिहून ठेवतो. स्ट्रट रॉड म्हणजे पुढच्या चाकाला धरून ठेवणारी सळई. ती गाडीच्या चौकटीत जिथं शिरते तिथं दोन्ही अंगांनी रबराच्या जाड चकत्या असतात, तेच बुश. बुश मेले की ब्रेक दाबल्यावर चाक मागं सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. आमची डावीकडे ओढली. २१ सप्टेंबर, रविवार, चुडाव्याच्या अलीकडे, थेट बाभळीत. मला खरचटलंसुद्धा नाही. बायको, सुकेशनी, डाव्या सीटवर होती. तिचं कॉलर बोन मोडलं.

गाडी १९६४ची प्लायमाउथ व्हॅलियंट. अख्ख्या पूर्णा शहरात अशी दुसरी नाही. चेपलेला पत्रा महालिंगअप्पा मिस्त्रीनं ठोकून सरळ केला, दिवा बसवला. राहिले फक्त बुश. शुक्रवारपर्यंत निर्णय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
निर्णय पुढं ढकलला. कारण तांत्रिक. बुश तीन प्रकारचे असतात हे सोमवारी माहीत नव्हतं. एक साधं रबर. दुसरं पॉलियुरेथेन, लाल रंगाचं, कडक, रबरापेक्षा जास्त टिकतं म्हणतात. तिसऱ्यात रबरच नाही, पोलादी गोळीचा जॉइंट, रेसच्या गाड्यांना लावतात. एक्सेल शीट केलं. तीन उभे रकाने, सतरा आडवे.

गाडी घराशेजारच्या बोळीत स्टँडवर आहे. पुढची दोन्ही चाकं काढली, दोन्ही सळया काढल्या. गेट आतल्या बाजूला उघडतं हे तुमच्या लक्षात आलं न्हाई का, असं सुकेशनी म्हणते. लक्षात होतं. गेट लावून घेतल्यावर, मागं पाण्याच्या टाकीपाशी जागा सुटावी म्हणून गाडी दोन फूट गेटकडं सरकवली आणि मग उचलली. आता गेट वीतभर उघडतं. दोन दिवसांचा प्रश्न होता. सध्या आमी मागच्या दारानं निघतो. प्लास्टिकचा स्टूल ठेवलाय, त्यावरून पार्वतीबाईंच्या आवारात उतरायचं आणि त्यांच्या फाटकातून रस्त्यावर. शेजारी चांगले असले की अडचण वाटत नाही.

सुकेशनीचा हात अजून गळ्यात आहे. स्टूल मी धरतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
उष्णतेची चाचणी. इंजिनाजवळ रबर तापतं, तेव्हा जुना बुश कुकरमध्ये चार शिट्ट्या ठेवून पाहिला. आकारात फरक नाही. म्हणजे रबर आतून गेलंय, बाहेरून कळत नाही.

संध्याकाळच्या वरणाला वास येत होता. सुकेशनीनं ताट बाजूला सरकवलं आणि पेरू खाल्ला. ती अशा वेळी बोलत नाही हा तिचा मोठा गुण.

ठराव: यापुढं चाचण्या वेगळ्या भांड्यात.

२३ नोव्हेंबर, रविवार
महालिंगअप्पा बोलावल्याशिवाय आला. स्टूलवरून चढून, धोतर सांभाळत. जुने बुश हातात घेतले, नखानं कोरले, वास घेतला, कुकरचा वास असेल. म्हणाला, सायेब, ह्याला काय झालंय, जरा सुकलेत म्हना, पन मेलेले न्हाईत. टेम्पोला लागतेत तसले रबरी बुश नांदेडहून आणतो, कडंनं थोडं कापायचं, तासाभरात गाडी भाईर.

मी त्याला शांतपणे विचारलं, मग गाडी डावीकडे का ओढली. तो म्हणाला, ते मला काय ठाव, चालवत तुमी होता.

अनुभवी माणूस आहे पण शिक्षण नाही. टेम्पोचे बुश व्हॅलियंटला. त्याला चहा दिला आणि एक्सेल शीट दाखवलं. चष्मा नाही म्हणाला.

३० नोव्हेंबर, रविवार
सुकेशनीचा पट्टा डॉक्टरांनी काढला. हाड जुळलंय. उद्यापासून शाळेत रुजू. चुडाव्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची अजून सहा वर्षं आहेत. पॅसेंजरनं जाईन म्हणाली, सोबत माधवी मॅडम आहेत, त्याच शाळेत शिकवतात. मी सांगितलं, पंधरा दिवस काढ, मग रोज गाडीनं सोडतो. तिनं विचारलं, गाडी कधी निघेल बोळीतून. तिला गाडीची ओढ आहे हे पाहून बरं वाटलं.

तिला परत एकदा बुश समजावून सांगितले, वाटी आणि चमचा घेऊन. वाटी म्हणजे चौकट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चमचा घासायला नेला.

९ डिसेंबर, मंगळवार
तिन्ही प्रकारचे बुश कुरिअरनं आले. कुरिअरवाला गेटपाशी उभा राहून हाका मारत होता. फटीतून खोकं येईना, मग एकेक बुश सुटा आत दिला. टीव्हीच्या टेबलावर मांडलेत. लाल जोडी देखणी आहे.

पण नवीन माहिती. बुश फार कडक असले तर सळईला हलायला जागा राहत नाही आणि सळईच तुटू शकते. फार मऊ असले तर गाडी भरकटते. काही लोक पुढून कडक आणि मागून मऊ बसवतात. म्हणजे प्रकार तीन नाहीत, जोड्या धरल्या तर जास्त आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका गृहस्थाकडं अशाच चार गाड्या आहेत, त्यांना सविस्तर मेल केला, आकृतीसह.

१० डिसेंबर, बुधवार
ऑस्ट्रेलियाचं उत्तर. तुमच्या वापराला साधं रबर पुरेसं आहे, आणि इतक्या हळू वेगात बुशमुळं गाडी झाडावर गेली हे पटत नाही, अजून काही घडलं होतं का.

त्यांना आपल्याकडच्या रस्त्यांची कल्पना नाही. उत्तर दिलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार
महत्त्वाची बातमी. निवृत्त अभियंता मंडळाचे सचिव राजेश्वरअप्पा यांचा परभणीहून फोन. १० जानेवारीच्या बैठकीत माझं व्याख्यान ठेवलंय. विषय मीच दिला: बुशची निवड आणि जीवितसुरक्षा, एक प्रत्यक्ष अनुभव. राजेश्वरअप्पा म्हणाले, वहिनींनापण आणा, त्यांनी चार शब्द सांगितले तर लय परिणाम होईल. अवश्य म्हणालो.

सुकेशनीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. मी काय सांगू, म्हणाली. मी म्हणालो, जे झालं ते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि परत वहीत मान घातली.

१६ डिसेंबर, मंगळवार
व्याख्यानासाठी अपघाताची आकृती काढतोय. रस्ता, बाभूळ, गाडी. वेग तीस. ब्रेक कुठं दाबला ती जागा दाखवणं गरजेचं, कारण सगळा सिद्धांत ब्रेकवर उभा आहे. ब्रेक बाभळीच्या नेमका किती आधी लागला ते आठवत नाही. आधीच लागला असणार. आधी लागल्याशिवाय बुश दाबला जात नाही.

पूर्णपणासाठी एक नोंद: त्या क्षणी मी किंचित उजवीकडं पाहत होतो. एक मोटरसायकल बाजूनं चालली होती. त्याचा इथं संबंध नाही.

१७ डिसेंबर, बुधवार
मोटरसायकलवर दोन पोरं होती. मागचा मोबाईलवर गाडीचा व्हिडिओ काढत होता. अशा गाडीचा मालक म्हणून आपण प्रतिसाद देणं हा शिष्टाचार आहे. उजवा हात खिडकीबाहेर काढला असेल. डावा स्टिअरिंगवर होता. बहुतेक.

आकृतीत मोटरसायकल दाखवणार नाही. गुंतागुंत होते.

२२ डिसेंबर, सोमवार
आजचा दिवस जरा विस्कळीत. पार्वतीबाई लेकीकडं येलदरीला गेल्या, पहाटेच, फाटकाला कुलूप लावून. किल्ली द्यायला विसरल्या. आमी दोघं आत.

सुकेशनीच्या शाळेत आज शिष्यवृत्तीची सराव परीक्षा, पेपर तिच्या पिशवीत. सव्वानऊ वाजले. माधवी मॅडम गेटबाहेर रिक्षा घेऊन उभ्या. मी सांगितलं, फोन करून कळव, अडचण कोणालाही येते. सुकेशनीनं पदर खोचला, चपला पिशवीत घातल्या, ओट्यावरून गाडीच्या बॉनेटवर पाय दिला. बॉनेटवरून कंपाउंडच्या भिंतीवर. तिथं बसून तिनं उजव्या हातानं डावा खांदा धरला आणि डोळे मिटले, अर्धा मिनिट असेल. मग पलीकडं उतरली. रिक्षावाल्यानं आणि माधवी मॅडमनी धरलं.

मी तिला सांगत होतो की मधे पाय देऊ नको, कडेला दे, मधला पत्रा पातळ असतो. नंतर वाटलं, हे सांगायची ती वेळ नव्हती.

बॉनेटला काही झालं नाही. दिवसभर मी आतच. फटीतून रस्ता पाहिला. पाववाला, मग दोन शेळ्या. दुपारी लाल बुशांकडं पाहत बसलो. संध्याकाळी ती भिंतीवरूनच परत आली. रिक्षातली शिडी होती म्हणाली. रिक्षात शिडी का होती ते विचारलं नाही.

ठराव: ३१ डिसेंबर. याच्या पुढं एक दिवसही नाही.

२९ डिसेंबर, सोमवार. सकाळी ११.१०
पार्वतीबाई परत आल्यात, घरात शांतता आहे, कामाला योग्य वेळ. निर्णय होत नाही याचं कारण सापडलं. मी बुश टेबलावर तपासतोय, गाडीत बसून नाही. ड्रायव्हरच्या जागेवर बसून तो क्षण पुन्हा उभा केला की कुठला बुश ते आपोआप कळेल.

बोळीत गाडीची दारं चार-पाच बोटंच उघडतात. ओट्यावर बसून पाय खिडकीतून आत घातले आणि सरकलो. सहज जमलं. वय बासष्ट आहे हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

११.४०
तो क्षण उभा केला. समोर गेट आहे, रस्ता नाही, त्यामुळं जरा कठीण.

१२.०५
बाहेर निघत होतो. उजवा गुडघा स्टिअरिंगखाली अडकला की आखडला ते नक्की सांगता येत नाही. आत येताना ओट्याचा उतार उपयोगी पडला होता. बाहेर जाताना तोच चढ आहे. घाई नाही.

१२.५०
दोनदा प्रयत्न. डोकं आणि एक खांदा बाहेर जातो, मग पोट. परत आत. मोबाईल घरात चार्जिंगला लावलाय. बॅटरी काढून ठेवल्यामुळं हॉर्न नाही. डायरी खिशात होती हे बरं.

१.३०
पार्वतीबाईंना हाक मारता येईल. त्यांच्या घरी सिरियल चालू आहे, आवाज येतोय. पण मंडळात व्याख्यान देणाऱ्या माणसाला शेजारणीनं खिडकीतून ओढून काढणं बरं दिसत नाही. सुकेशनी सहाला येते.

३.००
भूक. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक बडीशेपची पुडी आणि सुकेशनीचा पिवळा रुमाल. रुमालावर डाग आहे. हा त्या दिवसाचा. तिनं दातांत धरला होता, दवाखान्यापर्यंत. गाडी चालत होती तरी मी ती तिथंच ठेवून रिक्षा शोधायला गेलो होतो. का, ते आता आठवत नाही.

३.२०
आठवतंय. गाडीला हात लावायची हिंमत नव्हती.

४.४५
आज ब्रेक दाबून पाहतोय, इथं बसून. पायाची हालचाल आठवते का ते. त्या दिवशी पाय ब्रेकवर गेल्याचं पायाला आठवत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार
कालचं राहिलेलं लिहितो.

सुकेशनी सहाला आली. स्टूलवरून चढून आत गेली, दिवा लावला, घरात नाही म्हणून बोळीत आली. मी म्हणालो, निरीक्षण करायलोय. केव्हापासून, म्हणाली. अकरा. ती आत गेली. मला वाटलं मिस्त्रीला फोन करायला. चहा घेऊन आली. कप खिडकीतून माझ्या हातात दिला आणि स्वतः ओट्यावर बसली. तिच्या आणि माझ्या तोंडात हातभर अंतर. मला कुठं जाता येत नव्हतं.

झाला का निर्णय, तिनं विचारलं. मी सांगायला लागलो, पुढून कडक, मागून मऊ. तिनं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, मी त्या दिवशी तुमच्या शेजारीच बसले होते.

मी चहा पीत राहिलो.

म्हणाली, तो पोरगा व्हिडिओ काढायलता. तुमी हात बाहेर काढला. मग दुसरा हात केसांवरून फिरवला. मी दोनदा म्हणाले, बाभूळ, बाभूळ. तुमी हसत होता, मला वाटलं माझ्याकडं बघून हसायलात. ब्रेक लागलाच न्हाई.

मी विचारलं, मग तीन महिने बोलली का नाहीस.

ती म्हणाली, दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, आणि माझ्या आधी तुमीच बोललात, गाडीनं ओढलं. मी काय, नवऱ्याला खोटं पाडू का डॉक्टरांपुढं. वाटलं, घरी गेल्यावर सांगतील. मग वाटलं, पट्टा निघाल्यावर सांगतील. घरी जो येईल त्याला तुमी बुश सांगायलात आणि मी मान हलवायलेय. शाळेत पोरी विचारतात, बाई, बुश म्हंजी काय असतंय. त्यांना पण सांगते मी. आता दहा तारखेला परभणीला येऊन चारचौघांत सांगू. लय झालं आता.

आवाज चढवला नाही. तीस वर्षं वर्गात शिकवलेल्या बाईला आवाज चढवावा लागत नाही.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, बुश थोडे सुकले होते, महालिंगअप्पापण म्हणाला. ती उठली, रिकामा कप घेतला आणि मिस्त्रीला फोन केला.

महालिंगअप्पा अर्ध्या तासानं आला. सीट सैल करून मागं ढकलली, गुडघा मोकळा झाला. मग त्यानं काखेत हात घातले, सुकेशनीनं पाय धरून ओट्यावर घेतले, उजव्या हातानं, डावा वापरला नाही. मिस्त्री म्हणाला, सायेब, उद्या नांदेडला चाललोय, टेम्पोचे बुश आणू का.

आण म्हणालो. निर्णय झाला.

२ जानेवारी, शुक्रवार
महालिंगअप्पानं बुश बसवले. कडा पात्यानं तासल्या, सळया घातल्या, चाकं लावली. पन्नास मिनिटं. गाडी मागं घेतली, गेट पूर्ण उघडलं. पार्वतीबाई बघायला आल्या आणि त्यांच्या मागून त्यांचं कुत्रं पहिल्यांदाच आमच्या गेटातून आत आलं.

मिस्त्रीनं बाजारापर्यंत चक्कर मारली. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंगवरचे हात काढून दाखवले. सरळ. मी विचारलं, नव्या बुशांमुळंच ना. तो म्हणाला, असंल सायेब. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला.

राजेश्वरअप्पांना फोन केला की व्याख्यान जमणार नाही. तब्येत, असं सांगणार होतो. तब्येतीचं म्हटलं की लोक भेटायला येतात आणि मग विचारतात. म्हणून सांगितलं की चूक माझी होती, बुशची नव्हती, हात सोडून फोटोला उभा राहिलो होतो. ते म्हणाले, काही हरकत नाही, किशनरावांचं मधुमेहावरचं व्याख्यान तयारच होतं, त्यांना नाही कसं म्हणावं या विचारात होतो.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी १२
सुकेशनीला शाळेत सोडून आलो.

सकाळी विचारलं, येतेस का गाडीनं. ती बराच वेळ वेणी घालत होती. मग येऊन डाव्या सीटवर बसली. पिशवी मांडीवर, उजवा हात डॅशबोर्डवर टेकवलेला. मी वेग पंचवीस ठेवला. एक ट्रॅक्टर पुढं गेला, मग एक सायकल. त्या जागी बाभूळ तशीच आहे, खोडाची साल एका बाजूनं निघालीय.

तिथं बोलायचं असं मी रात्रीच ठरवलं होतं. तिच्याकडं वळून म्हणालो, सुकेशनी, त्या दिवशी माझं…

समोर बघा, ती म्हणाली.

समोर बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग उरलेलं समोर बघूनच बोललो, डॉक्टरांपुढचं, रुमालाचं, बॉनेटचं. सगळं बोलून झालं तोवर चुडावा आला होता. तिची खिडकी पूर्ण उघडी होती आणि वारा लय होता, त्यामुळं तिला त्यातलं किती ऐकू आलं ते कळलं नाही. परत विचारणं बरं वाटलं नाही.

शाळेच्या फाटकापाशी उतरली. दार जोरात लावलं. या गाडीचं दार जोरातच लावावं लागतं.